खाऊ पौष्टिक असला म्हणून जेवणाआधी द्यायचा?

अवनी: कालच्या धाग्यावर कुणीतरी ठणकावून लिहिलंय, "पौष्टिक असेल तर जेवणाआधी दिलं म्हणून काय बिघडलं?" बिघडतं! केळं आणि वर बदामाची पूड घातलेलं दही पोटात गेल्यावर अर्ध्या तासाने पोर भाजीला हात कशाला लावेल? पोट भरलं की भरलं. मध्ये दोन तास तरी जाऊ द्या.

पाटीपेन्सिल: सरसकट बोलू नका. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३ ते ५ वर्षांच्या मुलांना जेवणाच्या सुरुवातीला ३०, ६० किंवा ९० ग्रॅम गाजर दिलं. गाजर वाढवल्याने पुढचं जेवण कमी झालं नाही, एकूण भाजी मात्र जास्त खाल्ली गेली.

अवनी: गाजर म्हणजे निव्वळ पाणी हो! १०० ग्रॅममागे जेमतेम ४० कॅलरी, बदामात पावणेसहाशेच्या वर. गाजर-काकडीपुरतं मान्य. त्यापुढे नाही.

रात्रपाळी: खाऊवर भांडताय आणि दुधाचं नावच नाही कुणाच्या तोंडी. आमच्याकडे सातला मोठा पेला दूध आणि आठला "हा जेवतच नाही" म्हणून रड. दूध म्हणजे अन्नच आहे. दिवसभर दूधच पीत राहिलं तर लोह कमी पडतं.

सईची आई: दुधाला नावं ठेवू नका. माझी मुलगी भाजी बघूनच तोंड फिरवते, दूध तेवढं घेते. तेही बंद करू?

रात्रपाळी: बंद कुणी म्हटलं? जेवणानंतर द्या. दुसऱ्या वर्षापासून दिवसाला अर्धा लिटरच्या आसपास पुरतं.

सईची आई: तुमच्या पोराने रात्री दोनला उठून भूक लागली म्हणून रडून बघू दे, मग नियम सांगा.

पाटीपेन्सिल: ताई, चिडू नका, पण दूध मिळणारच हे तिला पक्कं माहीत असेल तर ती भाजी का चाखेल?

सईची आई: आणि वजन कमी भरलं तर? आमच्या डॉक्टरांनीच मधल्या वेळी काहीतरी द्यायला सांगितलंय.

अवनी: मधल्या वेळी, बरोबर. ताट वाढताना नव्हे. अशक्त मुलाचं डॉक्टर सांगतील तसंच करायचं, त्यात वाद नाही. माझा राग आहे तो स्वयंपाक होईपर्यंत पोर गप्प बसावं म्हणून हातात वाटी देण्यावर. तेव्हा गाजराचा पातळ काप द्या.

सईची आई: सातचं दूध साडेआठला देऊन बघते. रात्री उठली तर इथेच येऊन लिहीन.