आयर्लंडमध्ये आज मतदान: आठवी दुरुस्ती जावी की रहावी? (२५ मे २०१८)

लिफीकाठची
सकाळी सातला केंद्र उघडलं, ऑफिसला जाता जाता मत देऊन आले. नागरिकत्व मिळाल्यापासूनचं माझं पहिलंच सार्वमत. नवऱ्याचा पासपोर्ट अजून भारतीय आणि सार्वमताला फक्त नागरिक चालतात, त्यामुळे तो लेकीला घेऊन बाहेर थांबला होता.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९८३ साली सार्वमत घेऊन इथल्या घटनेत आठवी दुरुस्ती घातली, पोटातल्या गर्भाला आणि आईला जगण्याचा सारखाच हक्क. ६७ टक्के लोक तेव्हा 'होय' म्हणाले होते. आज विचारलंय की ती काढायची का. काढली तर संसद कायदा करणार, मसुदा असा आहे की बारा आठवड्यांपर्यंत कारण विचारायचं नाही, त्यापुढे आईच्या जिवाला किंवा तब्येतीला गंभीर धोका असेल किंवा बाळ जगणारच नसेल तरच.

मी होय दिलं. सविता हलप्पनवार डोक्यात होतीच पण फक्त तिच्यासाठी नाही. मी नवीन आले तेव्हा वर्क परमिटवर होते. आयरिश बाईवर वेळ आली तर ती विमानाचं तिकीट काढते आणि लिव्हरपूल नाहीतर लंडन गाठते, १९९२ च्या सार्वमतात बाहेर जायचा हक्क चक्क घटनेत घातलाय, म्हणजे आमच्या दारात नको शेजाऱ्याकडे जाऊन काय ते कर. १९८० पासून दीड लाखाच्या वर बायका अशा गेल्यात. आपल्यासारखीला त्याआधी ब्रिटनचा व्हिसा लागतो, बँक स्टेटमेंट, बोटांचे ठसे, वाट बघणं, आणि फॉर्मवर कारण काय लिहायचं? आणि ऑनलाइन गोळ्या मागवून घरी घेतल्या तर १४ वर्षांपर्यंत शिक्षा.

दोन्ही बाजूंनी लिहा. फक्त शिव्या नकोत.

बेळगांवकर
सविता आमच्या गावची. डेंटिस्ट पोरगी, वय ३१. ऑक्टोबर २०१२ ला गॉलवेच्या हॉस्पिटलात गेली, सतरावा आठवडा, डॉक्टरच म्हणाले गर्भ वाचत नाही. मग काढा म्हणाली ती. तर ठोके चालू आहेत तोवर हात लावता येत नाही म्हणून सांगितलं, हा कॅथलिक देश आहे असं एका मिडवाइफनं म्हटलं आणि ते पुढं चौकशीत कबूलही केलं. २८ तारखेला सेप्सिसनं, म्हणजे अंगभर जंतुसंसर्ग पसरून, गेली. तिच्या आईवडिलांनी इथनं आवाहन केलंय की होय म्हणा, दुसऱ्या कुणाच्या पोरीवर ही पाळी येऊ देऊ नका. तुमचा धर्म तुम्ही पाळा की ओ, लिंगायताच्या पोरीला कशाला लावता?

सीमाप्रश्न_जिंदाबाद
घरी मराठी बोलायचे की कन्नड?

बेळगांवकर
एवढं एक तरी सोडा ओ. त्या पोरीला तरी सोडा.

वसईवाला_कॉर्क
इथे मी एकटाच पडणार हे माहीत असून लिहितोय. मी वसईचा, कॅथलिक, घरी सामवेदी बोलतो आणि गेली बरीच वर्षं कॉर्कला आहे. आज सकाळी 'नाही' वर फुली मारली आणि मला त्याची लाज वाटत नाही.

सविताबद्दल बोलायचं तर पूर्ण बोला. दाखल झाली त्याच दिवशीच्या रक्ताच्या रिपोर्टात गडबड दिसत होती, तो कोणी वेळेत पाहिला नाही. सेप्सिस ओळखायला उशीर झाला. इन्क्वेस्टच्या, म्हणजे मृत्यूच्या कोर्टातल्या चौकशीच्या, ज्युरीनं उपचारांत घडलेली दुर्घटना म्हणजे 'मेडिकल मिसअ‍ॅडव्हेंचर' म्हटलं. त्यानंतर २०१३ ला कायदाही झाला की आईच्या जिवाला धोका असेल तर गर्भपात चालेल. मग आता बारा आठवड्यांपर्यंत काहीही न विचारता हे कुठून आलं? सविताचा फोटो लावून वेगळाच माल विकला जातोय असं माझं स्पष्ट मत आहे.

डॉक्टरीणबाई
वसईवाला, रिपोर्टाचं तुमचं बरोबर आहे, पण पुढचं पान वाचा. ज्या अरुळकुमारन साहेबांनी चौकशी केली त्यांनीच गेल्या वर्षी तिथल्या संसदेच्या समितीपुढे सांगितलंय की त्या कायद्यामुळेच डॉक्टर थांबले. इन्क्वेस्टमध्ये तिथले स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. पीटर बॉयलननी साक्ष दिली की सोमवारी किंवा मंगळवारी गर्भ काढला असता तर बहुतेक ती वाचली असती.

मी सांगली जिल्ह्यात तीस एक वर्षं प्रॅक्टिस करतेय. पाणी गेलेलं आहे, पिशवीचं तोंड उघडलंय, गर्भ वाचायचा नाही हे नक्की आहे, अशा बाईला ताप यायची वाट बघत ठेवणं हे आम्हाला कोणी शिकवलं नाही. आणि २०१३ च्या कायद्याचं म्हणता तर 'जिवाला धोका' म्हणजे नक्की कधी? ब्लड प्रेशर किती खाली गेलं की? हे बेडशेजारी उभं राहून ठरवायचं आणि चुकलं तर जेल. माणूस घाबरतोच.

आगाऊ_कार्टा
अवांतर: त्या देशाचा पंतप्रधान आपला मालवणी. लिओ वराडकर, मूळ गाव वराड, तालुका मालवण. स्वतः डॉक्टर आणि होयचा प्रचार करतोय. कोकणी माणूस वाद मिटवायला निघाला हेच केवढं आश्चर्य 😀

अतिअवांतर: ट्विटरवर होम टू व्होट बघा. पोरी ऑस्ट्रेलिया, जपानवरून विमानानं घरी चालल्यात मत द्यायला कारण परदेशातून पोस्टानं मत देता येत नाही. आणि आम्ही पुण्यात मतदानाची सुट्टी मिळाली की लोणावळा.

वसईवाला_कॉर्क
लिओबद्दल म्हणाल तर त्याचं स्वतःचं मत काही वर्षांपूर्वी पार उलटं होतं. असो, माणूस बदलू शकतो.

पण मला एका गोष्टीचं उत्तर कोणी देत नाही, म्हणून सरळ विचारतो. तुमच्यापैकी सगळे मुलगी वाचवाच्या बाजूचे असणार. मुलगी आहे म्हणून पाडला की आपण भ्रूणहत्या म्हणतो, हत्या! डॉक्टरला जेलात टाका म्हणतो. त्याच आठवड्यातला तोच गर्भ कारण न सांगता पाडला की तो बाईचा हक्क. मग गर्भ कोणी आहे की नाही? हे कारणावर कसं ठरतं? डेन्मार्क, आइसलंडमध्ये डाउन सिंड्रोम कळला की जवळजवळ सगळेच पाडतात. तिथे 'मुलगी' च्या जागी 'डाउन' लिहा, बाकी काय फरक आहे?

टेक्सासकर
हा मुद्दा कडक आहे. मी होयवालाच आहे पण 'भ्रूणहत्या' हा शब्द आपणच सरकारी भिंतींवर रंगवून ठेवलाय आणि आता तो आपल्याच अंगावर येतो.

लिफीकाठची
वसईवाला, बारा आठवड्यांनंतर अपंगत्व हे कारण या मसुद्यात नाहीच आहे. ते इंग्लंडमध्ये आहे, तुमच्या बाजूची पोस्टरं इंग्लंडचे आकडे दाखवून घाबरवतायत.

वसईवाला_कॉर्क
ताई, दहाव्या आठवड्यात आईच्या रक्तावरून आता दोन्ही कळतं, डाउन पण आणि मुलगा की मुलगी पण. बारा आठवडे पुरेसे आहेत.

डॉक्टरीणबाई
यावर मला बोलावंच लागेल कारण म्हैसाळ माझ्या जिल्ह्यात आहे. गेल्या वर्षी मार्चमध्ये तिथे १९ भ्रूण पुरलेले सापडले, तेही कधी, तर एक बाई गर्भपात करताना मेली म्हणून शोध सुरू झाला तेव्हा. वसईवाला, त्या बायकांना कोणी विचारलं होतं का? त्या स्वतःच्या पायानं आल्या असतील पण निर्णय सासूचा, नवऱ्याचा. माझ्याकडे येतात ना अशा, नवरा शेजारी बसून सगळी उत्तरं देतो आणि बाई जमिनीकडे बघत असते. मी नवऱ्याला बाहेर बसवते, मग काय ते कळतं. बाईनं ठरवणं आणि बाईकडून करवून घेणं या दोन गोष्टी आहेत. तुमची आठवी दुरुस्ती काय करते, तर सासूच्या जागी सरकार बसवते, बाई पुन्हा जमिनीकडेच बघणार.

आणि आपला कायदासुद्धा गर्भलिंग तपासून सांगण्यावर बंदी घालतो, गर्भपातावर नाही. गोंधळ झाला तो अंमलबजावणीत. परळीच्या डॉ. सुदाम मुंडेच्या स्त्रीभ्रूणहत्या प्रकरणानंतर आपल्या राज्यात एफडीएनं गोळ्यांवर इतका डोळा ठेवला की केमिस्टनी ठेवणंच बंद केलं. लिंग कळतं त्याच्या कितीतरी आधी, सातव्या आठवड्यात त्या गोळ्या लागतात, मुलगी मारण्याशी त्यांचा काय संबंध? पण कागदपत्रांची कटकट नको म्हणून दुकानदार हात वर करतो, आणि बाई कुठे जाते? भोंदूकडे.

निवृत्त_मास्तर
वाचून करमणूकही होते आणि वाईटही वाटते. आपल्याकडे १९७१ ला गर्भपाताचा कायदा झाला तेव्हा मी कॉलेजात होतो, असा काही कायदा झाला हे गावात कोणाला कळलेही नाही. शांतिलाल शहा समिती नेमली, अहवाल आला, कायदा झाला. सगळीकडे लाल त्रिकोण, कुटुंब नियोजनाचा जोर. बाईचा हक्क वगैरे शब्द माझ्या तरी कानावर आले नाहीत. म्हणून आज आयरिश लोकांना मागास म्हणणाऱ्यांनी जरा जपून. त्यांनी निदान आपसात भांडून घेतले. आपल्याला फुकट मिळाले म्हणून आपल्याला त्यात नेमके काय आहे तेही ठाऊक नाही. कोणी सांगेल का, गर्भनिरोधक फसले हे कारण आपल्या कायद्यात कोणाला चालते?

आगाऊ_कार्टा
सगळ्यांना?

डॉक्टरीणबाई
विवाहित स्त्रीला. कायद्यात तसंच लिहिलंय. आणि मर्यादा वीस आठवडे, बारानंतर दोन डॉक्टरांचं मत लागतं. ठरवणारा डॉक्टर, बाई नव्हे. विसाव्या आठवड्याच्या आसपास सोनोग्राफीत व्यंग दिसतं आणि मग बिचारे हायकोर्टात धावतात. गेल्या वर्षी चंदीगडच्या दहा वर्षांच्या, हो दहा, बलात्कारित मुलीला सुप्रीम कोर्टानं परवानगी नाकारली, तोवर ३२ आठवडे झाले होते.

निवृत्त_मास्तर
हेच म्हणत होतो. मात्र सार्वमत हा मार्गही मला पटत नाही. एका बाईच्या पोटात काय असावे यावर अख्ख्या देशाने हात वर करायचे? उद्या आपल्याकडे असे मत घ्या म्हणाल तर काय निकाल येईल, सांगायला नको.

लिफीकाठची
मास्तर, इथे घटना बदलायला दुसरा रस्ताच नाही, प्रत्येक दुरुस्ती लोकांकडे जाते. घातली लोकांनी, काढायचीही लोकांनीच. पण तुमचं म्हणणं कळतं. गेले दोन महिने दर खांबावर गर्भाची चित्रं लटकतायत. माझ्या ऑफिसातल्या एकीचा मार्चमध्ये गर्भपात झाला, आपोआप, हवं होतं तिला मूल. ती बसस्टॉप बदलून जाते.

वसईवाला_कॉर्क
ती चित्रं मलाही आवडली नाहीत, आमच्या लोकांना सांगून थकलो. पण तुम्ही फुल्यांच्या गावचे ना? जोतिबा-सावित्रीबाईंनी १८६३ ला बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवेला म्हणाले ये, बाळंत हो, मूल ठेव नाहीतर घेऊन जा. काशीबाईचं मूल दत्तक घेतलं. गर्भ पाडायचं केंद्र नाही काढलं त्यांनी. आई आणि मूल दोघांना वाचवलं. मला हेच हवंय आणि यात पोपचा काय संबंध?

बेळगांवकर
आणि तुमच्या आयर्लंडात अशा पोरींसाठी कोणती घरं होती ओ? ट्यूमला नन्सच्या घरात ७९६ पोरं मेली, दफनाची नोंद सापडत नाही, गेल्या वर्षी सांडपाण्याच्या जुन्या बांधकामात अवशेष सापडले. फुल्यांचं नाव घेताय आणि कारभार हा.

वसईवाला_कॉर्क
ट्यूमची लाज मला तुमच्यापेक्षा जास्त वाटते. माझं चर्च आहे ते. पण म्हणूनच म्हणतो, त्या पोरांना कोणी मोजलं नाही, यांनाही मोजायचं नाही?

लिफीकाठची
त्या पोरांच्या आयांनाही कोणी मोजलं नव्हतं दादा. फुल्यांनी बाईला दार उघडून दिलं, गुप्तपणे ये म्हणाले, नाव विचारलं नाही, शिक्षा नाही. तुम्ही १४ वर्षांची तुरुंगाची पाटी लावून फुल्यांचं नाव कसं घेता? १९९२ ला इथे बलात्कार झालेल्या १४ वर्षांच्या मुलीला इंग्लंडला जायला हायकोर्टानं बंदी केली होती. ती जीव देईल हे पटल्यावर सुप्रीम कोर्टानं सोडलं. २०१४ ला मेंदू मेलेल्या बाईचं शरीर गर्भासाठी यंत्रावर चालू ठेवलं, तिच्या वडिलांना कोर्टात जाऊन माझ्या मुलीला जाऊ द्या म्हणावं लागलं. हे सगळं त्या एका कलमाखाली. हे दोघांना वाचवणं आहे?

वसईवाला_कॉर्क
शिक्षेच्या बाजूनं मी नाही. बाईला तुरुंगात टाका असं माझ्या ओळखीत कोणीच म्हणत नाही. पण कलम गेलं की सगळंच जातं, मधलं काही उरत नाही, हीच अडचण आहे. मधला पर्याय मतपत्रिकेवर असता तर कदाचित मी वेगळं मत दिलं असतं.

टेक्सासकर
हे तुम्ही आधी बोलायला हवं होतं, अर्धं भांडण वाचलं असतं.

आगाऊ_कार्टा
पहाट व्हायला आली इथे, जागाच आहे. एक्झिट पोल आला!! आयरिश टाइम्स ६८ टक्के होय. आरटीई (तिथलं सरकारी टीव्ही चॅनल) पण तेवढंच काहीतरी म्हणतंय, किंचित जास्तच. खरी मोजणी सकाळी.

बेळगांवकर
६८?? एवढं वाटलं नव्हतं. सकाळी तिच्या घरच्यांना भेटून येतो.

लिफीकाठची
मला ५२ वाटलं होतं. खेड्यांतही होय दिसतंय म्हणे. रडतेय आणि नवरा विचारतोय काय झालं.

वसईवाला_कॉर्क
अभिनंदन ताई, मनापासून. माझी बाजू हरली, ठीक आहे, लोकशाही आहे. एकच विचारतो, चेष्टा म्हणून नाही. माझी बायको मॅटर्निटीत नर्स आहे. तिला हे काम नको असेल तर?

लिफीकाठची
नकार देता येईल. मसुद्यात तसं आहे, सद्सद्विवेकाला पटत नसेल तर स्वतः करायची सक्ती नाही. फक्त पेशंटला दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवायची सोय करावी लागेल. आणि बाईचा जीवच धोक्यात असेल तर ही सवलत नाही.

वसईवाला_कॉर्क
जीव धोक्यात असेल तर ती थांबणारही नाही, तेवढं मी तिला ओळखतो. पण पाठवायची सोय करणं म्हणजे सहभागच की. ती आत्ताच म्हणतेय.

डॉक्टरीणबाई
मी तिच्या जागी असते तर पाठवलं असतं. पण तिला माझा नंबर द्या, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. इथे नको.