मदत हवी आहे: 'पोट'ला 'उप' हा अर्थ कधी चिकटला?
'पोट' हा 'उदर'वरून आलेला नाही, इथपर्यंत स्पष्ट आहे. हेमचंद्राच्या 'देशीनाममाला' या देशी शब्दांच्या कोशात (12वं शतक) 'पोट्ट' मिळतो. कानडीत 'होट्टे', तेलुगूत 'पोट्ट'. अडलंय ते पुढे. पोटजात, पोटकलम, पोटभाडेकरू यांत 'पोट' म्हणजे मोठ्याच्या आत सामावलेलं. पोटनिवडणुकीत मात्र आत काहीच नाही. ती दोन निवडणुकांच्या मधे येते! मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे हे शब्दकोश चाळून झाले, पण मला अर्थ नको, कालक्रम हवा आहे. हिंदी 'पेट'शी तुलना उपयोगाची नाही, तिथे या जागी 'उप'च लागतो. 'उप' अर्थाच्या 'पोट-'चा सर्वांत जुना दाखला, शक्यतो पेशवेकालीन कागदांतला, कुणाला माहीत आहे का? आणि कानडी-तेलुगू जाणणाऱ्यांनो, तिकडे 'होट्टे' किंवा 'पोट्ट' असे जोडतात का?