मदत हवी आहे : क्षयाच्या लसीसाठी प्रतिजन कोणत्या निकषावर निवडावे?

क्षयरोगाच्या लसीसाठी जिवाणूंची कोणती प्रथिने प्रतिजन (अँटिजेन, म्हणजे शरीराची प्रतिकारयंत्रणा ज्याला ओळखून प्रतिसाद देते तो घटक) म्हणून योग्य, याचा अभ्यास करताना मी एका ठिकाणी अडलो आहे. ईसॅट-६ आणि सीएफपी-१० ही क्षयजिवाणूची प्रथिने टी-पेशींना (प्रतिकार करणाऱ्या एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींना) जोरदार चेतवतात आणि बीसीजी या क्षयाच्या प्रचलित लसीतील जिवाणूत त्यांची जनुके नाहीत, म्हणून ती लसीत घ्यावीत असे वाटते; परंतु टी-पेशींनी सोडलेले इंटरफेरॉन-गॅमा हे प्रथिन मोजून संसर्ग ओळखणारी रक्तचाचणी याच प्रथिनांवर आधारलेली असल्याने लस घेतलेल्या निरोगी माणसाचीही चाचणी सकारात्मक येऊ शकते. शिवाय, क्षयजिवाणूचेच अँटिजेन ८५ए हे प्रथिन वापरणाऱ्या एमव्हीए८५ए लसीने २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बीसीजी घेतलेल्या बालकांना म्हणावे तसे जादा संरक्षण दिले नाही, हे मला फार खटकते. मग टी-पेशींच्या प्रतिसादाखेरीज कोणता निकष भरवशाचा मानावा? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.