नवरा बरा झाला आणि आता मी आडवी, सासूबाईंना कसं वाचवू?

परवा रात्री नवऱ्याला अचानक उलट्या सुरू झाल्या, म्हणजे जेवताना एकदम ठीक होता आणि तासाभरात बाथरूममधून बाहेरच येईना, मग जुलाब. आज तो बरा आहे पण पहाटेपासून माझं तेच चाललंय. डॉक्टर म्हणाले नोरोव्हायरस वाटतोय, अँटीबायोटिक दिलं नाही. पाणी प्यायलं की दहा मिनिटांत बाहेर! मी तर सतत सॅनिटायझर लावत होते तरी कसं झालं? घरात सासूबाई आहेत, वय ७४, त्यांचीच जास्त काळजी वाटतेय. आज स्वयंपाक नवरा करतो म्हणतोय, करू देऊ ना?

निळीशाई: नको नको, त्याला अजिबात स्वयंपाकघरात जाऊ देऊ नका. उलट्या-जुलाब थांबल्यावरही निदान ४८ तास दुसऱ्यांसाठी काही रांधायचं नाही, कारण माणूस बरा वाटला तरी शौचातून विषाणू दोन आठवडे किंवा जास्तही पडत राहतो. आणि सॅनिटायझरवर विसंबू नका हो, या विषाणूला वरचं चरबीचं आवरणच नसतं त्यामुळे अल्कोहोलने तो नीट मरत नाही, साबण आणि वाहतं पाणी, २० सेकंद, नखांच्या खालीसुद्धा. लागण झाल्यावर १२ ते ४८ तासांत त्रास सुरू होतो, तुमचं बरोबर त्यातच बसतंय.

पाऊसवेडी: उलटी झाली की दहा मिनिटं काहीच घेऊ नका, मग ओआरएस चमच्याचमच्याने. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवा, मी एकदा अख्खं पाकीट एका ग्लासात ढवळलं होतं, तसं करू नका, त्याने जुलाब वाढतात. लघवी कमी किंवा गडद झाली, उठताना चक्कर आली, शौचात रक्त दिसलं किंवा ताप चढला तर लगेच डॉक्टर. सासूबाईंना सुरू झालं तर इतकीही वाट बघू नका, त्या वयात अंगातलं पाणी फार पटकन कमी होतं.

जुनाखांब: शक्य असेल तर सासूबाईंना बाथरूम वेगळं द्या. उलटी पुसताना ग्लोव्हज आणि मास्क, आधी कागदाने टिपून घ्या, मग ब्लीचचं पाणी टाकून निदान पाच मिनिटं तसंच राहू द्या. ब्लीचमध्ये टॉयलेटचं ॲसिड चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो!! नळाची मूठ, फ्लशचं बटण, रिमोट हे सगळे विसरतात. आणि एकदा झालं म्हणजे सुटलो असंही नाही, याचे प्रकार पुष्कळ आहेत, परत होऊ शकतो.

प्रश्नकर्ती: खूप आभार सगळ्यांचे. चमच्याने दोन तासांत अर्धा ग्लास पोटात टिकलाय, आत्ताच लघवीही झाली. नवऱ्याला ब्लीच घेऊन नळांमागे लावलंय, सासूबाई स्वतःचं स्वतः करून घेतायत आणि मी खोलीचं दार लावून पडलेय.