मदत हवी आहे: एमजीबीच्या कूलिंगमधली हवा निघत नाही, काटा नाचतोय

गिरणाकाठ (चाळीसगाव):
राम राम मंडळी. गाडी १९६६ची एमजीबी रोडस्टर (उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार), १७९८ सीसी. झाकण रेडिएटरवरच, वेगळी एक्स्पान्शन टाकी नाही. हेड गॅस्केट बदललं, रेडिएटरचा कोअर नवा केला, होज सगळे नवे, थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर उघडणारी झडप) नवा, ८२ सेल्सियसचा. ब्लॉकचा नळ उघडून पाणी पूर्ण काढलं होतं. परत भरताना चार लिटरलाच गळ्यापर्यंत आलं.

आता गाडी तापली की काटा १९० फॅरनहाइटवरून आधी खाली घसरतो आणि मग एकदम २२०कडे उडी मारतो. वरचा होज त्या मानाने कोमट. डॅशमागे खळखळ ऐकू येते. हीटर आपल्याकडे कोण लावतो, म्हणून त्याचा व्हॉल्व्ह बंदच आहे. ही हवाच आहे ना? आणि ती काढायची कशी? औट्रम घाट या अवस्थेत चढवायची हिंमत नाही.

भुसावळ_लोको:
थर्मोस्टॅट काढून टाका भो. अ‍ॅम्बेसिडरचं १४८९ सीसी याच खानदानाचं इंजिन, त्याचे अर्ध्या खान्देशाने काढलेत. पंचेचाळीस डिग्रीत त्याचं काम काय?

पाना_पक्कड (धुळे):
थर्मोस्टॅट काढून सगळी हवा जात नाही, फक्त लक्षण झाकलं जातं. उन्हाळ्यात चालून जाईल, पण थंडीत सकाळी इंजिन धड तापत नाही, तेलात ओल राहते.

गिरणाकाठ, उत्तर तुमच्याच आकड्यात आहे. या गाडीत साधारण साडेपाच लिटर पाणी बसतं. ब्लॉक पूर्ण रिकामा होता आणि चारच बसलं, म्हणजे दीड लिटर हवा आत आहे. पुढच्या वेळीही भरताना मापानेच भरा.

ती अडकली कशी ते बघा. रेडिएटरमधून ओतलेलं पाणी खालच्या होजने पंपात आणि तिथून ब्लॉकमध्ये वर चढतं. वरची हवा बाहेर पडायला दोनच वाटा: थर्मोस्टॅटच्या कडेचं बारीक भोक आणि हेडच्या मागच्या टोकाचा हीटर व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह तुम्ही बंद ठेवलाय. हल्ली मिळणाऱ्या काही थर्मोस्टॅटला भोकच नसतं, तुमचा काढून बघा. दोन्ही बंद असतील तर हवा हेडमध्ये कोंडते. तापमान गेजचा बल्ब हेडच्या पुढच्या बाजूला आहे. तो हवेत उघडा पडला की काटा खाली येतो, वाफ लागली की उडतो. खळखळ हीटरच्या मॅट्रिक्समधली (हीटरचा छोटा रेडिएटर).

आता काम. इंजिन पूर्ण थंड पाहिजे.

थर्मोस्टॅटचं झाकण तीन स्टडवर आहे. नट ५/१६ यूएनएफ (इंची आट्याचे), पाना अर्ध्या इंचाचा. मिलिमीटरचा १३ अडकल्यासारखा वाटतो, पण नटाच्या कडा गोल करतो. झाकण अ‍ॅल्युमिनियमचं आणि स्टडला गंजून चिकटतं. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. हातोडीने ठोकलंत की तडा गेलाच समजा. थर्मोस्टॅटच्या कडेच्या पट्टीत ३ मिमीचं एक भोक पाडा. बसवताना भोक गाडीच्या पुढच्या बाजूला. पेपर गॅस्केट नवं लावा.

मग गाडीचं नाक फूटभर उचला. मागच्या चाकांना ठोकळे, पुढे स्टँड, नुसत्या जॅकवर नाही. हीटर मॅट्रिक्स मागे भिंतीवर उंच बसलेलं आहे. नाक वर केल्याशिवाय रेडिएटरचा गळा सगळ्यात उंच होत नाही. चढावर लावली तरी चालेल.

व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. केबलवर विश्वास नको, व्हॉल्व्हची दांडी खरंच फिरते का ते बॉनेट उघडून बघा. हीटरमधून परत येणारा रबरी होज जिथे लोखंडी पाइपाला जोडलाय तिथे सोडवा, होजचं तोंड उंच धरा, पाइपाच्या तोंडाला बूच. रेडिएटरमधून एकदम हळू ओता, मधूनमधून वरचा आणि खालचा होज दाबत रहा. गुडगुड होऊन पातळी खाली जाईल, परत ओता. होजमधून अखंड धार आली, बुडबुडा नाही, की अंगठ्याने दाबून ठेवा आणि पाइपावर चढवून क्लिप आवळा.

रेडिएटरचं झाकण न लावता इंजिन १०००-१२०० आरपीएमवर चालवा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाईल, तेवढी भरा. वरचा होज चांगला तापला आणि हीटरमधून गरम वारा आला की झाकण लावा. गरम इंजिनचं झाकण नंतर उघडू नका, सकाळी थंड असताना पातळी बघा.

सातपुडा_शहादा:
पाण्याबद्दल. बोअरचं पाणी अजिबात नको, क्षाराने नव्या कोअरच्या नळ्या बुजतील. बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर घ्या. गोठण्याची भीती आपल्याला नाही, त्यामुळे एक तृतीयांश कूलंट पुरे: साडेपाच लिटरला १.८ लिटर कॉन्सन्ट्रेट, बाकी पाणी. नुसत्या पाण्याला उष्णता जास्त वाहता येते, कूलंट मुख्यतः गंजासाठी. तांब्या-पितळेच्या रेडिएटरला जुन्या पद्धतीचं हिरवं कूलंट, दोन वर्षांनी बदलायचं. कॅनवर 'प्री-मिक्स' असेल तर त्यात परत पाणी घालू नका.

गिरणाकाठ:
आभार. थर्मोस्टॅटला खरंच भोक नव्हतं, पाडलं. हीटरचा होज सोडल्यावर सव्वा लिटर आणखी बसलं. काटा आता १९०वर स्थिर आहे, खळखळ बंद. पण झाकण उघडं ठेवून चालवलं की गळ्यात अजून बारीक बुडबुडे दिसतात. उरलेली हवा असेल का?

पाना_पक्कड (धुळे):
दोन-तीनदा तापून थंड झाल्यावर उरलेली हवा संपते. त्यानंतरही येत असेल तर ती अडकलेली नाही, नवीन तयार होतेय किंवा बाहेरून ओढली जातेय. कितीही वेळा हवा काढलीत तरी उपयोग नाही.

आधी गॅस्केट तपासा, कारण ते नुकतंच बदललंय. थंड इंजिन, रेडिएटर गळ्यापर्यंत भरलेला, फॅन बेल्ट काढलेला. चालू करा आणि गळ्यात बघा, जास्तीत जास्त एक मिनिट. पंप फिरत नाही, पाणी अजून तापलं नाही, म्हणजे तेव्हा बुडबुडे आले तर ते सिलिंडरमधला गॅसच. इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढून अर्थ करा, परत बघा. ज्या सिलिंडरला बुडबुडे कमी होतात तो गुन्हेगार. दोन चाचण्यांमध्ये इंजिन थंड होऊ द्या.

बुडबुडे आले तर लगेच हेड उचलू नका. नवं गॅस्केट बसल्यावर हेडचे नट परत टॉर्क केले होते का? ४५ ते ५० फूट-पाउंड, मधून बाहेर या क्रमाने. त्यातले चार नट रॉकर शाफ्टही धरतात, म्हणून टॉर्कनंतर टॅपेटची फट परत लावायची, थंड असताना १५ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). टॉर्क करूनही बुडबुडे राहिले तर मात्र हेडचा पृष्ठभाग सरळ पट्टीने तपासावा लागेल.

भुसावळ_लोको:
गॅस्केट चांगलं निघालं तर खालचा होज बघा. तो पंपाच्या ओढीच्या बाजूला आहे. क्लिप सैल असेल तर पाणी न गळताही हवा आत येते. रेस दिल्यावर तो चिपकतोय का तेही बघा. पंपाखालच्या बारीक भोकातून ओल असेल तर सील गेलं. झाकण घेताना गळ्याची खोली मोजून घ्या, १९ मिमी आणि २५ मिमी असे दोन प्रकार येतात. चुकीचं बसवलं तर स्प्रिंग दाबच धरत नाही.

गिरणाकाठ:
बेल्ट काढून बघितलं, थंड असताना एकही बुडबुडा नाही. खालच्या होजची क्लिप मात्र दीड फेरा आवळली गेली. तरी हेडचे नट बघून घेतो. आता गळ्यापर्यंत भरून ठेवतो तर दुसऱ्या दिवशी पातळी इंचभर खाली असते आणि गाडीखाली ओल. हे परत काय?

पाना_पक्कड (धुळे):
ती गळती नाही. एक्स्पान्शन टाकी नसलेल्या या रेडिएटरमध्ये पाणी तापून फुगतं आणि जास्तीचं ओव्हरफ्लो नळीतून बाहेर पडतं. थंड असताना गळ्याच्या इंचभर खाली हीच त्याची जागा, त्यावर भरू नका. तिथून आणखी खाली गेलं तर मात्र शोधायला लागा.