प्रेअरी डॉगच्या शिकारीला दोस्तांसोबत जायचंय, कोणी गेलंय का?

भुसावळ_ते_डेन्व्हर:
राम राम मंडळी. मी मूळचा भुसावळचा, चार वर्षांपासून डेन्व्हरला आहे, एच-वन-बी म्हणजे नोकरीच्या व्हिसावर. जळगावच्या कॉलेजातले तीन दोस्त पुढच्या मे मध्ये टुरिस्ट व्हिसावर येताय आणि त्यातल्या एकाने यूट्यूबवर प्रेअरी डॉगच्या शिकारीचे व्हिडिओ पाहून डोकं खाल्लंय नुसतं. म्हणे साउथ डकोटाला जाऊ, रायफल भाड्याने घेऊ, दोन दिवस मैदानात पडून राहू. माझ्या ऑफिसातला एक गोरा जातो दरवर्षी, तो म्हणतो इथे काही अवघड नाही, रँचवाले म्हणजे गुरांच्या मोठ्या कुरणांचे मालक उलट खूश होतात. मला स्वतःला फार हौस नाहीये पण दोस्तांचा मूड घालवायचा नाही. खर्च, सीझन, लायसन, कोणी केलं असेल तर सांगा. आणि नावात डॉग असलं तरी कुत्रा नाहीये तो, मैदानात बिळं करून राहणारा छोटा प्राणी आहे, आईला फोनवर सांगितलं तर ती केवढ्यानं ओरडली!

रॅपिडसिटी_अप्पा:
मी गेलोय तीनदा, पण माझं ग्रीन कार्ड आहे आणि सगळा फरक तिथेच पडतो भो. व्हिसावर असलेल्या माणसाने, मग तो टुरिस्ट असो की एच-वन-बी, बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं अमेरिकेच्या फेडरल कायद्याने गुन्हा आहे. हातात घेऊन एक फोटो काढला तरी अडचण. यातून सूट मिळते ती मुख्यतः अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं चालू हंटिंग लायसन खिशात असेल तर. तुझ्या गोऱ्याला हे माहीत नसणारच, त्याला कोण विचारतंय. काही राज्यांत प्रेअरी डॉगसाठी लायसन लागतच नाही, तिथे गोरा नुसता जातो आणि मारतो, पण तुम्हाला मात्र ते आधी काढावंच लागेल. आणि कोलोरॅडोचं काढायचं म्हटलं तर १ जानेवारी १९४९ ला किंवा नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स, म्हणजे तुमच्यातल्या एकाचीही सुटका नाही. एक चूक आणि पुढच्या व्हिसाच्या वेळी उत्तर देत बसा, त्यामुळे वकिलाला विचारल्याशिवाय तिकिटं काढू नका.

दुसरं, मे महिना चुकीचा आहे. कोलोरॅडो आणि साउथ डकोटात सरकारी जमिनीवर १ मार्च ते १४ जून बंदी असते, पिल्लांचे दिवस असतात ना. खाजगी रँचवर जमतं पण मालकाची परवानगी पाहिजे. आणि साउथ डकोटाच्या बॅडलँड्स नॅशनल पार्कात तर बंदुकीचा विचारही करू नका, तिथे शिकार चालत नाही.

बाकी प्रकार कसा असतो विचारशील तर व्हिडिओत दिसतो तसा नसतो. सकाळी मैदानात टेबल मांडून बसायचं, समोर दोनशे-तीनशे मीटरवर मातीचे छोटे छोटे उंचवटे, प्रत्येकावर एकेक उभा, पुढचे पाय छातीशी धरून, देवळाच्या दारात उभ्या म्हाताऱ्यासारखा. वारा असा की गोळी वीतभर बाजूला जाते. दहानंतर जमिनीवरून वाफा हलायला लागतात, दुर्बिणीत सगळं पाण्यातल्यासारखं थरथरतं, नळी इतकी तापते की बोट लावता येत नाही. तिसऱ्या वेळी मी दुपारनंतर नुसताच बघत बसलो. धोका टळला की एक जण मान मागे टाकून चीत्कारत उडी मारतो, मग शेजारचा, मग त्याच्या शेजारचा, असं गावभर पसरत जातं. कधी कधी तोल जाऊन उताणे पडतात.

केळीवाला_रावेर:
वा रे वा. इथे रानडुकरं रात्रीतून मका लोळवता, कुठे रोही येऊन हरभरा खाऊन जाता, आम्ही परवानगीच्या कागदासाठी खेटे घालतो आणि तुम्ही विमानाचं तिकीट काढून खारीच्या भावाला मारायला चालले! तो प्राणी खारीच्याच कुळातला आहे, गुगल केलं मी. पण रँचवाल्याचं दुखणं मला कळतं हो, गवत खातो आणि बिळांत गुरांचे पाय मोडायची भीती. आमच्याकडे घुशी बांध पोखरता, पाटाचं पाणी भलतीकडेच निघून जातं, तेव्हा मलाही बंदूक पाहिजे असं वाटतं.

बाय द वे वाचलं ते सांगतो, १८०४ साली लुईस आणि क्लार्क नावाचे दोघं त्या भागात गेले तेव्हा त्यांच्या माणसांनी अख्खा दिवस बिळात पाणी ओतून एक जिवंत पकडला आणि मग राष्ट्राध्यक्षाला पाठवला. हे तर आम्ही लहानपणी उंदरांसाठी करायचो, फक्त राष्ट्राध्यक्षाला कोणी पाठवला नाही.

तापीलाईन:
सगळे बंदुकीचं बोलताय, पिसवांचं कोणी बोलत नाही. या प्राण्यांच्या वसाहतीत प्लेग येतो, तोच प्लेग, आणि पिसवांमधून पसरतो. मेलेला जनावर हातात घेऊन फोटो काढायची आपल्या पोरांना हौस फार. १९९४ ला सुरतला प्लेग झाला तेव्हा माझे वडील उधन्याला लूमवर होते, आपल्याकडचे किती लोक तिथे होते माहिती आहे ना. ताप्ती लाईनच्या गाडीत दारात लटकून नंदुरबारपर्यंत आले, घरी आल्यावर आजीने त्यांना अंगणातच आंघोळ घालून कपडे जाळले आणि टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल सगळ्यांना. मी सात वर्षांचा होतो, तोंडाला बांधलेल्या फडक्याला कापराचा वास यायचा तो अजून आठवतो. तिकडे औषधाने बरा होतो, घाबरायचं नाही, पण मेलेल्याला हात लावू नका आणि बिळाजवळ बसू नका. बिळांत रॅटलस्नेकही असतात.

अजून एक, काळ्या पायाचा फेरेट म्हणून मुंगसासारखा दिसणारा एक प्राणी आहे जो जवळजवळ यांच्यावरच जगतो. नामशेष झाला असं समजत होते, १९८१ मध्ये वायोमिंगला एका रँचवरच्या कुत्र्याने एक मारून आणला तेव्हा कळलं की आहेत अजून. म्हणून कुठे मारताय ते बघा. युटा आणि मेक्सिकोच्या प्रेअरी डॉगच्या जाती तर स्वतःच संरक्षित आहेत.

भुसावळ_ते_डेन्व्हर:
अप्पा, तुमची पोस्ट ग्रुपवर टाकली, दहा मिनिटं कोणी काही बोललंच नाही. मग एकाने लिहिलं, व्हिसा गेला तर बायको माझीच शिकार करेल. आता ठरलंय असं की शूटिंग कॅन्सल, मे मध्येच यायचं, बॅडलँड्सला गाडीने जायचं, सेज क्रीक रोडवर प्रेअरी डॉग आणि रानगवे बघायचे, येताना वायोमिंगमधला डेव्हिल्स टॉवर नावाचा उंच खडक. यूट्यूबवाला जरा फुगलाय पण त्याला मोठी लेन्स घेऊन देऊ भाड्याने.

आता खरा प्रश्न. तो म्हणतोय बामणोदची भरताची वांगी पाच किलो आणतो, रात्री मोटेलच्या मागे शेकोटी करून भरीत करू. चालेल का?

रॅपिडसिटी_अप्पा:
ताजी वांगी एअरपोर्टवरच काढून घेतील. कळण्याचं पीठ आणायला सांग आणि बॅगेत आहे ते फॉर्मवर लिहायला सांग. वांगी इथली घ्या, भाजून साल सोलली की निम्म्या लोकांना कळत नाही. तेल मात्र सढळ टाका. मी रॅपिड सिटीतच आहे, आलात की फोन करा, कांद्याची पात मी आणतो.