मेंदूज्वरानंतर अण्णांना नवीन काहीच लक्षात राहत नाही. रोजच्या एका प्रश्नाला काय उत्तर द्यावं? (मदत हवी आहे, नाशिक)

लेक_दिंडोरीची

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसतं वाचते, लिहिते आज पहिल्यांदाच. लांबण लागेल, पण अर्धवट सांगितलं तर तुम्हालाही नीट सांगता येणार नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, वय ६१. दिंडोरी तालुक्यात चार एकर द्राक्षबाग. मी लग्नानंतर नाशिकला, इंदिरानगरात. जानेवारीच्या शेवटी, माल काढायला जेमतेम आठ दिवस असताना त्यांना ताप आला. दोन दिवस ताप आणि डोकेदुखी, म्हणून कुणी फार मनावर घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आईला म्हणाले, "कुठंतरी रबर जळतंय गं." घरात काहीच जळत नव्हतं. दुपारी व्यापाऱ्याला फोन लावून मागच्या वर्षीच्या भावावर वाद घालत बसले आणि संध्याकाळी आईला आत्याच्या नावाने हाका मारायला लागले. जवळच्या दवाखान्यात नेलं तर "तापात बरळतात" म्हणून सलाईन लावून घरी पाठवलं. पहाटे फिट आली. मग मात्र सरळ नाशिक.

एमआरआयमध्ये टेम्पोरल लोबला, म्हणजे कानाच्या आतल्या बाजूच्या मेंदूला सूज दिसली, डावीकडे जास्त. पाठीतून पाणी काढलं, त्याच्या पीसीआर तपासणीत हर्पिस सिम्प्लेक्स विषाणू निघाला. तापानंतर ओठावर ज्या पुळ्या येतात ना, त्यांचाच हा विषाणू. तो मेंदूत शिरला की काय करतो ते आम्ही पाहिलं. डॉक्टरांनी रिपोर्टची वाट न पाहता असायक्लोविर सुरू केलं होतं, दिवसातून तीन वेळा शिरेतून, एकूण २१ दिवस. उपचार झाले नाहीत तर यात दहातली सात माणसं जातात, हे त्यांनी आम्हाला नंतर सांगितलं. अण्णा वाचले त्याचं श्रेय त्या न थांबण्याला आहे. वाचणाऱ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, ताप आणि त्याबरोबर माणूस वेगळंच वागायला लागला तर सकाळ होण्याची वाट पाहू नका. आमची एक रात्र गेली, ती मला अजून टोचते.

आता मूळ गोष्ट. अण्णा आयसीयूत असताना नवव्या दिवशी मोठे काका हार्ट अटॅकने गेले. दोघा भावांची बांधाला बांध लागून शेती, चाळीस वर्षं सकाळचा चहा एकत्र. अण्णांना तेव्हा सांगण्यात अर्थच नव्हता. घरी आणल्यावर सांगितलं. धाय मोकलून रडले. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर दोन कप मांडून बसले, "दादा आला नाही का गं अजून?"

तेव्हापासून रोज हेच. काही दिवस तीन-चार वेळा. आजार व्हायच्या आधीच्या दोन-तीन वर्षांतलं धूसर आहे, आणि आजारानंतरचं काहीच टिकत नाही. जेवण झालेलं आठवत नाही. मी आले-गेले ते आठवत नाही. आणि दर वेळी काका गेल्याचं त्यांना पहिल्यांदाच कळतं. चेहरा तसाच पडतो, रडणं तसंच. आई आता सांगताना दाराकडे बघून सांगते.

बाकी शरीराने ते ठणठणीत आहेत. बघणाऱ्याला वाटतं हा माणूस तर बरा झाला. डिस्चार्ज कागदावरही प्रकृती स्थिर असंच लिहिलंय. भाऊबंद म्हणतात, "बघा की, काल छाटणीच्या गप्पा मारत होते." खरंच मारतात! हातात कात्री दिली तर काडी बघून कितवा डोळा (कोंब फुटतो ती गाठ) राखायचा ते अजूनही बरोबर सांगतात. फक्त छाटून झालेल्या ओळीवर पुन्हा जातात. ऑक्टोबर छाटणी तोंडावर आलीय आणि मला तिचीच धास्ती आहे.

आणखी एक विचित्र गोष्ट. कात्री, पंप, पाना, ट्रॅक्टरचे भाग सगळी नावं येतात. पण बुलबुल, साळुंकी, कावळा, सगळं "पाखरू". पेरू दाखवला तर "ते... खायचं". हे कशामुळे होत असेल?

संध्याकाळी फार चिडतात. आधी आवाज चढवणारा माणूस नव्हता. फिटसाठी लेव्हेटिरासिटाम चालू आहे, दोन वेळा. चिडणं आजाराचं की गोळीचं?

आणि हा आजार उलटतो का? आईची झोप याच भीतीने उडालीय.

पण पहिलं विचारणं एकच: "दादा कुठंय" याला रोज खरं सांगायचं का? खोटं बोलायला जीभ वळत नाही. खरं सांगून रोज त्यांना रडवायलाही मन होत नाही. ज्यांनी घरात असं माणूस सांभाळलंय त्यांनी कृपया लिहा.

सातपूरकर

ताई, माझ्या पत्नीला टीबीचा मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाचा टीबी, झाला होता, दोन वर्षं झाली. आजार वेगळा, तुमच्यासारखा तीन दिवसांत नाही तर तीन आठवड्यांत चढत गेला. बारीक ताप, डोकेदुखी, उलट्या, मग दोन-दोन दिसायला लागलं. मेंदूत पाणी साठलं म्हणून शंट बसवला, म्हणजे डोक्यातून पोटात नळी. टीबीच्या गोळ्या वर्षभर चालल्या, त्यातल्या इथॅम्ब्युटॉलमुळे नजरेवर परिणाम होऊ शकतो म्हणून डोळे तपासत राहावे लागले. आज ती चालते, स्वयंपाक करते, उजवा हात अजून जड आहे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. पण "बघा की, बरी झाली" हे आम्ही इतकं ऐकलंय की तुमचं ते वाक्य वाचून थांबलो. हात लुळा असला तर लोकांना दिसतो. आठवण गेलेली दिसत नाही. नातेवाइकांना एकदा बसवून डॉक्टरांकडून सांगायला लावा, आपण सांगितलेलं त्यांना तक्रार वाटते.

आणि शेततळं असेल तर आजच्या आज कुंपण. प्लॅस्टिकच्या कागदावरून पाय घसरला तर धडधाकट माणसाला वर येता येत नाही, फिट येणाऱ्याचं काय! विहीर, ट्रॅक्टर, फवारणीचं औषध, सगळ्यांपासून सध्या लांब ठेवा.

ओटी_पंचवटी

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, मेंदूला इजा झालेल्या रुग्णांना रोजची कामं पुन्हा करायला मदत करते. तपासल्याशिवाय उपचार सांगणार नाही, पण तुम्ही जे पाहताय ते समजून घ्यायला मदत होईल म्हणून लिहिते.

टेम्पोरल लोबच्या आत हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. आज काय घडलं ते उद्यासाठी साठवायचं काम त्याचं. हर्पिसचा विषाणू नेमका याच भागावर बसतो. हाताला वळण लागलेल्या गोष्टी, कात्री चालवणं, सायकल, गाठ मारणं, या मेंदूत दुसरीकडे साठतात. म्हणून छाटणी येते आणि छाटल्याचं आठवत नाही. इंग्लंडमधले क्लाइव्ह वेअरिंग नावाचे संगीतकार १९८५ साली याच आजाराने असे झाले. काही सेकंदांपलीकडचं त्यांना आठवेना, पण पियानो वाजवता येत राहिला. अण्णांची कात्री त्यातलीच. तिला तोडू नका, त्यांचा दिवस त्या कात्रीवर उभा करा.

पाखरांचं आणि पेरूचंही तुमच्या मनाचं नाही. या आजारात काही जणांची सजीवांची, फळांची, खाण्याच्या पदार्थांची ओळख जाते आणि हत्यारांची, अवजारांची शाबूत राहते. १९८४ साली हे पहिल्यांदा नीट तपासून लिहिलं गेलं, तेही याच आजारातून उठलेल्या रुग्णांवर. "ओळखा बघू हे काय" अशी परीक्षा घेऊ नका. पेरू हातात देऊन आपणच म्हणा, "घ्या, पेरू." आठवण अधू झालेला माणूस चुकीचं उत्तर बोलला की ती चूकच पक्की होते, कारण आपण चुकलो होतो हे त्याला आठवत नाही. चूक होऊच न देता शिकवायचं, ही आमची पद्धत आहे.

आता दादा. स्मृती गेलेल्या रुग्णांना सिनेमातली दुःखाची दृश्यं दाखवून अमेरिकेत एक अभ्यास झाला होता, २०१० साली प्रसिद्ध झाला. थोड्या वेळाने त्यांना सिनेमा आठवेना, पण मन उदासच होतं. काय घडलं ते पुसलं गेलं, त्याचं दुःख मागे राहिलं. हे वाचून तुमच्या संध्याकाळच्या चिडण्याकडे पुन्हा बघा. सकाळी भाऊ गेल्याची बातमी ऐकलेला माणूस संध्याकाळी कसा असेल? कशाने जीव घाबरा झालाय हे त्याला माहीत नाही, एवढाच फरक.

म्हणून बातमी म्हणून रोज सांगू नका. खोटंही बोलू नका, "गावाला गेलेत" म्हटलं की ते वाट बघत बसतील. "दादांची आठवण आली का अण्णा?" असं म्हणा आणि दादांबद्दल बोलू द्या. त्यांनी थेट विचारलं, "गेला का तो?" तर हो म्हणा, हात धरा, जवळ बसा. घरातल्या सगळ्यांनी एकच वाक्य ठरवा. आई एक सांगते, मुलगी दुसरं, असं झालं तर ते गोंधळतात.

लेव्हेटिरासिटामने काही जणांची चिडचिड वाढते, हे माहीत असलेलं आहे. गोळी मनाने बंद मात्र करू नका, एकदम थांबवली तर फिट येऊ शकते. कोणत्या वेळी, कशावरून चिडले ते आठ दिवस लिहून काढा आणि न्यूरोलॉजिस्टला दाखवा.

निफाडचा_माळी

छाटणीचं मी सांगतो. छाटून झालेल्या ओळीच्या पहिल्या खांबाला लाल चिंधी बांधायची, ती त्यांनीच, त्यांच्या हाताने. शेवटचं झाड झालं की चिंधी, रोज तेच, मागे-पुढे नाही. आणि पेस्टच्या (छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून काडीला लावतात त्या विषारी औषधाच्या) कामाला त्यांना अजिबात जवळ येऊ देऊ नका. हातमोजे घातले की नाही हे विसरणाऱ्या माणसाचं ते काम नाही.

आजार उलटण्याबद्दल माझ्या भाच्याचा अनुभव. त्यालाही हर्पिसचाच मेंदूज्वर, वय ९. घरी आल्यावर पाचव्या आठवड्यात झोप गेली, हातपाय आपोआप वेडेवाकडे हलायला लागले. आम्हाला वाटलं विषाणू परत आला. पाठीचं पाणी पुन्हा तपासलं तर विषाणू नव्हता. शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटली होती, एनएमडीए अँटिबॉडी म्हणाले. वेगळी औषधं दिली आणि पोरगं सावरलं. डॉक्टरांनी सांगितलं की असं झालं तर बहुतेक पहिल्या दोन-तीन महिन्यांतच होतं, आणि खुद्द विषाणू परतणं दुर्मीळ. तुम्हाला आठ महिने होत आले, आईला सांगा. तरी वागण्यात एकदम नवा बिघाड दिसला तर थांबू नका.

लेक_दिंडोरीची

अकरा दिवसांनी लिहिते आहे. सगळ्यांचे मनापासून आभार.

ओटी ताई, तुमचं वाचून मी आईची वही काढली. ती दूध-हिशोबाच्या वहीतच अण्णांचं लिहून ठेवते. ज्या दिवशी सकाळी काकांचं सांगितलं, त्या बहुतेक संध्याकाळी ताट ढकललं किंवा दार आपटलं असं लिहिलेलं आहे. ज्या दोन दिवशी ते लग्नाला गेले होते आणि विषय निघाला नाही, त्या दिवशी काहीच नाही. आम्ही आठ महिने त्यांना आपल्या हाताने दुःख देत होतो आणि संध्याकाळी त्यांच्यावरच वैतागत होतो. आई वही मिटून बराच वेळ तशीच बसली होती.

आता वाक्य ठरलंय. पहिल्या दिवशी आई म्हणाली, "दादांची आठवण आली का?" अण्णा थोडं थांबले आणि मग दोघं पिंपळगावहून थॉमसन जातीच्या द्राक्षाच्या काड्या सायकलवर बांधून आणल्या होत्या ते सांगत बसले, काड्या वाळू नयेत म्हणून वाटेत प्रत्येक ओढ्यावर पोतं भिजवायचे ते. मी हे आधी कधीच ऐकलं नव्हतं. रडले नाहीत. परवा मात्र थेट विचारलं, "तो नाही ना आता?" आईने हो म्हटलं. डोळे भरले, पण तिचा हात सोडला नाही. संध्याकाळी जेवले नीट.

न्यूरोलॉजिस्टना वही दाखवली, गोळी हळूहळू बदलणार आहेत. शेततळ्याला जाळीचं कुंपण झालं. लाल चिंध्या आईने जुन्या साडीच्या फाडून ठेवल्यात, छाटणी दसऱ्यानंतर धरतोय.

आता एक कागदाचं काम. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी यूडीआयडीचा (दिव्यांगांच्या ओळखपत्राचा) अर्ज ऑनलाइन भरलाय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, पण फक्त स्मृती गेलेल्या माणसाला त्यात कुठे बसवतात ते कळत नाही. नाशिकच्या सिव्हिलमध्ये असं प्रकरण कुणी नेलंय का? तपासणीला एमआरआयच्या फिल्म लागतात की नुसता रिपोर्ट चालतो? आणि तिथे रांगेत किती वेळ जातो? अण्णांना गर्दीत दर पाच मिनिटांनी आपण कुठे आलोय ते सांगावं लागतं, म्हणून विचारते.